कर्मयोग आणि डबल ड्युटी

गणपतीच्या आधीचे चार दिवस कोकणात एसटीचा सगळा हिशेबच बदलतो. चाकरमान्यांना गावी पोचवण्यासाठी राज्यभरातल्या विभागांतून जादा गाड्या मागवल्या जातात आणि गाडीबरोबर तिकडचा चालकही येतो. ज्याची सारी नोकरी विदर्भाच्या किंवा मराठवाड्याच्या सरळसोट रस्त्यांवर गेली, तो अचानक भोस्ते आणि परशुराम घाटांत, धो धो पावसात, मध्यरात्री, चाळीसेक माणसं घेऊन वळणं मोजू लागतो. पहाटे रत्नागिरीच्या स्टँडवर उतरला की चहाच्या टपरीवर तो स्थानिक चालकाला विचारतो, "भाऊ, राजापूरकडे रस्ता कसा आहे?" उत्तर मिळतं, "रस्ता बरा आहे, पण साइडपट्टीवर चाक घालू नका. माती ओली आहे, गाडी ओढते." मुंबईहून रात्रभर चालवत आणलेल्या गाडीच्या सुरक्षिततेचा हा एवढाच वर्ग.

त्याच्या डोक्यात त्या वेळी बरंच काही चाललेलं असतं. डिझेलचं केपीटीएल, म्हणजे दहा लिटरमागचे किलोमीटर, घसरलं तर आगारात ऐकून घ्यावं लागणार. गाडीला ओरखडा आला तर खुलासा द्यावा लागणार. परतीची फेरी कधी सुटणार याचा पत्ता नाही. घरी त्याचाही गणपती बसणार आहे, पण आरतीला तो नसणार. मागे बसलेल्यांचा सण त्याच्या जागरणावर उभा असतो आणि हे त्या बसमध्ये फारसं कोणाच्या मनात येत नाही.

अशा माणसाला सांगायला आपल्याकडे एक उत्तर तयार असतं. ते कचेऱ्यांच्या भिंतींवर चौकटीत लटकतं, कॅलेंडरवर छापलं जातं, निवृत्तीच्या भाषणात हमखास येतं आणि पगारवाढीच्या बैठकीत जरा दबक्या आवाजात. काम करत राहा, फळाकडे डोळे लावू नका. आता प्रश्न असा की अवेळी लागणाऱ्या ड्युट्या, साहेबाचा धाक, थकलेला पगार, चारचौघांत झालेला पाणउतारा यांनी जो माणूस आजारी पडतो, त्याच्यासाठी निष्काम कर्म हे खरोखरचं औषध आहे का? की ते औषध रोग्याने घ्यायचं आणि रोग पसरवणाऱ्याने लिहून द्यायचं, असा हा प्रकार आहे?

रत्नागिरीत हा प्रश्न विचारायला आणखी एक कारण आहे. इथल्या टिळक आळीत २३ जुलै १८५६ रोजी टिळकांचा जन्म झाला. मराठी माणसाच्या मनात कर्मयोग पक्का बसवणारा 'गीतारहस्य' हा ग्रंथ त्यांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीने लिहून काढला आणि १९१५ मध्ये तो छापून आला. (इतिहासाला थट्टेची हौस असावी. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी मंडालेहून उचलून रत्नागिरीत आणून ठेवलं आणि रत्नागिरीच्या माणसाला थिबाच्या मंडालेत. टिळक तिथे लिहीत होते तेव्हा थिबा इथल्या नव्या राजवाड्यात राहत होता.) गीता संन्यास शिकवत नाही, लोकसंग्रहासाठी कर्म करायला सांगते, हा टिळकांचा मुद्दा सगळ्यांना ठाऊक आहे. ग्रंथ लिहिण्याच्या जरा आधी घडलेली गोष्ट मात्र चौकटीतल्या सुविचारांत कधी येत नाही. २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. गोळीबार झाला, माणसं मेली. त्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेल्यांची संख्या मोठी होती. कर्मयोगाचा ग्रंथ लिहिला जाण्याच्या दोन वर्षं आधी त्याच्या कर्त्यासाठी श्रमिकांनी काम थांबवून दाखवलं होतं.

आता दुसऱ्या बाजूचा पुरावा, आणि तो थेट शरीरातला आहे.

लंडनच्या व्हाइटहॉल भागातल्या सरकारी कचेऱ्यांत १९६७ पासून सुमारे अठरा हजार पुरुष कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीची पाहणी सुरू झाली. तोवर साधारण समज असा होता की हृदयविकाराचा झटका मोठ्या साहेबाला येतो. जबाबदारी त्याची, म्हणून रक्तदाबही त्याचाच. आकडे उलटे निघाले. निरोपे, दारवान अशा तळच्या श्रेणीतल्या माणसांचा मृत्युदर सगळ्यांत वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होता. हे सगळे सरकारी नोकर, एकाच शहरातले, उपाशी कोणी नाही. सिगारेट, वजन, रक्तदाब यांचा वाटा वजा केला तरी फरकाचा मोठा भाग उरलाच. मायकेल मार्मट यांनी १९८५ मध्ये १०,३०८ स्त्री-पुरुष कर्मचाऱ्यांची दुसरी पाहणी हाती घेतली. तिच्यात एक कारण ठळकपणे पुढे आलं: आपल्या कामाचा क्रम, वेग आणि रीत ठरवण्यात ज्याला काडीचंही स्थान नाही, त्याला हृदयविकाराचा धोका जास्त.

अमेरिकेत रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये हेच सूत्र मांडलं होतं. कामाचा रेटा जास्त आणि कामावरचा ताबा कमी, हे जोडपं घातक. रेटा जास्त असून ताबाही असेल तर माणूस तगतो, कधी कधी फुलतोसुद्धा. जर्मनीत योहान्स सीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये दुसरं माप दिलं. माणूस किती कष्ट घालतो आणि बदल्यात त्याला पगार, मान, नोकरीची शाश्वती किती मिळते, यांतली तफावत त्याला आजारी पाडते. कामाच्या लांब तासांचा हिशेब जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून २०२१ मध्ये जाहीर केला. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी अधिक, आणि अशा लांब तासांमुळे २०१६ या एका वर्षात जगभरात अंदाजे ७ लाख ४५ हजार मृत्यू.

सुरक्षिततेचं गणित तर आणखी सोपं आहे. ऑस्ट्रेलियात डॉसन आणि रीड यांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं की सलग १७ तास जागा असलेला माणूस हात-डोळ्यांच्या कामात रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकाच चुकतो. दारूचा वास आला तर चालकाला आगारातून गाडी मिळत नाही, आणि ते योग्यच. पण काल रात्री वस्तीच्या गाडीवर तो डासांत किती वाजेपर्यंत तळमळत होता, हे विचारण्याची पद्धत नाही. वस्तीची गाडी म्हणजे शेवटच्या फेरीने गावात जाऊन मुक्काम करायचा आणि पहाटे पहिली फेरी काढायची. झोपायला कुठे देवळाची ओसरी, कुठे ग्रामपंचायतीची खोली, आणि काहीच नसलं तर गाडीतलं लांब बाकडं. गावात कोणी भला माणूस असला तर भाजी-भाकरी येते. पहाटे हात-पाय धुवायला पाणी मिळेल की नाही तेही गावागणिक वेगळं.

गीता वाचलेला माणूस सीग्रिस्टपाशी येऊन अडखळतो. कष्टाला फळ मिळालं नाही तर शरीर मोडतं, असं सीग्रिस्ट म्हणतो. गीता तर म्हणते फळावर तुझा हक्कच नाही. मग एक तर जर्मन प्राध्यापक चुकतोय, नाहीतर कृष्ण.

२०२०च्या नोव्हेंबरात हा पेच महाराष्ट्रात फार कडू रूप घेऊन समोर आला. टाळेबंदीनंतर एसटी कर्मचाऱ्यांचे पगार महिनोन्‌महिने थकले होते. दिवाळीच्या तोंडावर जळगावच्या एका वाहकाने आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत अपुऱ्या, अनियमित पगाराचा उल्लेख होता. त्याच सुमारास रत्नागिरी आगारातल्या एका चालकानेही जीवन संपवलं. त्यानंतर घाईघाईने थकलेल्या पगाराचा हप्ता जाहीर झाला. पुढच्या वर्षी ऑक्टोबरअखेर संप सुरू झाला तो उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एप्रिल २०२२ मध्येच मिटला. त्या काळात कर्मचाऱ्यांना फळाची आसक्ती सोडा असं सांगणारेही भेटलेच. तीन-तीन महिने वाण्याची उधारी थकवलेल्या माणसाच्या बाबतीत आसक्ती कशाला म्हणायचं, हे त्यांनी सांगितलं नाही. गीतेतलं फळ म्हणजे मोहाचा, यशाचा, वाहवेचा विषय. महिन्याचा पगार हा त्या अर्थाने फळ नव्हेच. तो कर्म चालू राहण्यासाठी लागणारा दाणापाणी आहे.

असाच वाद २०२४ मध्ये पुन्हा पेटला. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय लेखापरीक्षण संस्थेच्या पुण्याच्या कार्यालयात मार्चमध्ये रुजू झालेली सव्वीस वर्षांची तरुण सनदी लेखापाल जुलैत मरण पावली. कामाच्या अतोनात ओझ्याने मुलगी गेली, असं तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलं. अंत्यसंस्काराला कार्यालयातून कोणी आलं नाही हेही लिहिलं. कामाच्या ओझ्यामुळे मृत्यू झाला हे कंपनीने मान्य केलं नाही. सप्टेंबरात ते पत्र देशभर फिरत असताना केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन चेन्नईतल्या एका महाविद्यालयाच्या कार्यक्रमात या घटनेचा उल्लेख करून अंतःशक्तीविषयी बोलल्या. ताण सोसण्याचं बळ घरातून शिकवलं पाहिजे आणि ते ईश्वरभक्तीतून येतं, असा त्यांचा सूर होता. टीका झाल्यावर त्यांनी स्पष्ट केलं की गेलेल्या मुलीला दोष देण्याचा हेतू नव्हता. त्या महाविद्यालयाने विद्यार्थ्यांसाठी प्रार्थनेची जागा बांधली, त्या संदर्भात त्या बोलत होत्या.

अंतःशक्ती थोतांड आहे असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. टिळकांचंच बघा. मधुमेह जडलेला, वय चोपन्न-पंचावन्न, हवा न मानवणारी, घर दीड-दोन हजार मैलांवर. लिहायला दिलेल्या वह्या बांधलेल्या आणि पानांवर आकडे घातलेले, एकही पान इकडचं तिकडे होऊ नये म्हणून. सरकारने शाईसुद्धा दिली नाही. अशा स्थितीत काही महिन्यांत तो अवाढव्य ग्रंथ हातावेगळा झाला. मन बळकट असेल तर माणूस कुठवर जातो याचा याहून मोठा दाखला मराठीत शोधूनही सापडणार नाही.

पण त्या कोठडीत घडत होतं ते नीट पाहिलं पाहिजे. काय लिहायचं, कुठून सुरू करायचं, कोणत्या टीकाकाराचं मत खोडायचं, आज किती लिहायचं आणि कधी हात थांबवायचा, हे सगळं टिळक स्वतः ठरवत होते. पुस्तकं ते मागवून घेत. चारेकशे ग्रंथ त्यांनी तिथे जमवले होते. साम्राज्याने त्यांचं सारं काही हिरावलं, पण त्या कामावरचा त्यांचा ताबा हिरावला नाही. कॅरासेकच्या भाषेत मंडालेचा कैदी हा ताबा असलेला कामगार होता. आजच्या कॉल सेंटरमध्ये लघवीला किती मिनिटं लागली याची नोंद पडद्यावर दिसणारी मुलगी तशी नाही. तिला टिळकांचं उदाहरण देणं म्हणजे उदाहरणाचाच अपमान.

ही गोष्ट कॅरासेकच्या पंचेचाळीस वर्षं आधी एका फ्रेंच बाईने आपल्या अंगावर घेऊन तपासली होती. सिमोन वेल तत्त्वज्ञानाची शिक्षिका. डिसेंबर १९३४ मध्ये नोकरीतून रजा घेऊन ती पॅरिसच्या कारखान्यात कामगार म्हणून दाखल झाली आणि पुढे रेनोच्या मोटार कारखान्यापर्यंत पोचली. डोकेदुखीने हैराण, हात अनाडी, नगांचा कोटा कधी पुरा होत नसे. तिचा निष्कर्ष असा की या गुलामीचे घटक दोन, वेग आणि हुकूम. वेग असा की विचार करायला सवड मिळू नये, आणि हुकूम असा की पुढच्या क्षणी काय करायचं ते कळू नये. तिला सगळ्यात धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. असल्या वागणुकीने आपण बंड करून उठू असं तिला वाटलं होतं. प्रत्यक्षात ती मुकाट, आज्ञाधारक झाली. पुढे १९४० मध्ये तिने गीता वाचली, मग गीता मुळातून वाचता यावी म्हणून संस्कृत शिकायला घेतलं, आणि अखेरपर्यंत ती गीतेच्या प्रेमात राहिली. कारखाना भोगून मग गीतेकडे आलेल्या या बाईला कर्मफलत्याग पटला. कामगारांनी मुकाट राहावं असा त्याचा अर्थ मात्र तिने कधी लावला नाही.

खरी गोम ज्या श्लोकाची चौकट लटकते त्याच्या पहिल्याच तुकड्यात आहे. दुसऱ्या अध्यायातला तो सत्तेचाळिसावा श्लोक सुरुवातीलाच माणसाला त्याच्या कर्मावर हक्क देतो. फळाचा विषय त्यानंतर येतो. आपल्या कचेऱ्यांनी मागचा भाग कर्मचाऱ्याच्या गळ्यात घातला आणि पुढचा स्वतःकडे ठेवून घेतला. काम कसं करायचं, कधी करायचं, किती करायचं, आणि गाडीचा ब्रेक लागत नाही म्हटल्यावर ती रस्त्यावर काढायची की नाही, हे सगळं वरून ठरणार; फळाची आसक्ती मात्र खालच्याने सोडायची. सीग्रिस्ट आणि कृष्ण यांचं भांडण वाटतं तेवढं मोठं नाही. दोघांच्याही हिशेबात, ज्याची फसवणूक होते त्याच्या हाती शेवटी काहीच उरत नाही.

शिवाय तो श्लोक कोण कोणाला सांगतोय हेही पाहायला हवं. पहिल्या अध्यायात अर्जुनाची अवस्था वैद्याने टिपून घ्यावी तशी आहे. गात्रं ढिली पडलीत, तोंड कोरडं, अंगाला कंप, त्वचेची आग, हातातून धनुष्य गळतंय, उभं राहवत नाही, डोकं गरगरतंय. कामाच्या जागेवर, कामाच्या ऐन वेळी शरीराने दिलेली ही साक्ष आहे. त्यावर कृष्ण आधी झिडकारतो, हे खरं. पण मग रथ दोन सैन्यांच्या मध्ये उभा ठेवून, सगळं युद्ध खोळंबवून, सातशे श्लोकांचा संवाद होतो. अर्जुन उलटसुलट विचारतो, तुमचं बोलणं मला गोंधळात टाकतंय असं तोंडावर म्हणतो, आणि त्याबद्दल त्याला मेमो मिळत नाही. शेवटी अठराव्या अध्यायात कृष्ण म्हणतो ते वाक्य कोणत्याही कार्यालयाच्या भिंतीवर दिसत नाही: सगळं सांगून झालं, आता पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. निर्णय ज्याचं काम आहे त्याच्याकडे परत दिलेला. आणि सांगणारा त्याच रथावर, त्याच बाणांच्या माऱ्यात बसलेला.

असा निर्णय खालच्या माणसाकडे देण्याची रीत रत्नागिरीत अगदीच अनोळखी नाही. कोकण रेल्वेच्या रुळांवर पावसाळ्यात गस्त घालणारा ट्रॅकमन बघा. २२ जून २००३च्या रात्री वैभववाडीजवळ दरड कोसळून कारवार-मुंबई गाडी घसरली आणि पन्नासावर माणसं गेली, तेव्हापासून ही गस्त किती महत्त्वाची आहे हे कोकणात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. हातात दिवा, झेंडी, पिशवीत रुळावर ठेवायचे फटाके. बाजूला ओली दरड, पुढे बोगद्याचं काळं तोंड. पगाराच्या उतरंडीत तो तळाशी आहे. पण धोका दिसला तर लाल दिवा दाखवून राजधानी एक्स्प्रेस थांबवण्याचा हक्क नियमाने त्याचा आहे, आणि नंतर शंका खोटी ठरली तरी गाडी थांबवल्याचा गुन्हा होत नाही. जोरदार पावसात समोरचं दिसेनासं झालं तर वेग ताशी ४० किलोमीटरवर आणण्याची सूचना गाडीच्या चालकालाही असते. उशीर झाला तर होऊ दे. हे काम जीवघेणं एकाकी आहे, पायांची चाळण होते, पण तिथे काम आणि हक्क एका हातात आहेत.

जिथे ते एका हातात नसतात तिथे माणूस बोलायचं थांबतो. रासायनिक कारखान्यात एखादी झडप गळतेय असं दिसलं तरी, मागच्या वेळी सांगितलं तेव्हा उत्पादन थांबवल्याबद्दल झापलं होतं हे आठवून, कामगार नोंदवहीत 'सर्व ठीक' लिहितो. भोपाळच्या कारखान्यात १९८४च्या वायुगळतीआधी खर्च कमी करताना एमआयसी (मिथाइल आयसोसायनेट) विभागाच्या पाळीतली माणसं बारावरून सहावर आणली गेली होती आणि उरलेल्यांचं मनोधैर्य खचलेलं होतं, हे नंतरच्या चौकशांत वारंवार आलं. तिथली यंत्रं बिघडली होती हे खरं. पण त्याआधी तिथल्या माणसांचा आवाज गेला होता. खेड तालुक्यातल्या लोटे-परशुरामसारख्या रासायनिक वसाहतीच्या शेजारी राहणाऱ्यांना यातलं मर्म वेगळं सांगायला नको.

(जाता जाता: कामात देहभान हरपणं हा आपल्याकडे मोठाच गुण मानतात. गोरोबाकाकांची कथा मात्र जपून सांगायला हवी. चिखल तुडवताना विठ्ठलनामात ते इतके रंगले की पायाखाली रांगत आलेलं पोर त्यांना दिसलं नाही. संतकथेत पोर परत मिळतं. म्हणून कुंभारवाड्यात ही कथा भक्तीची असली तरी यंत्रशाळेत ती अपघाताची आहे.)

गीतेचा तिसरा अध्याय तर मालकाच्या टेबलावरच ठेवावा असा आहे. यज्ञाच्या चक्रातून जे मिळालं ते परत न देता एकटा उपभोगणाऱ्याला तिथे सरळ चोर म्हटलंय. टिळकांचा लोकसंग्रहही याच अध्यायातला. कामगाराला निष्काम व्हायला सांगणाऱ्याने नफ्याच्या बाबतीत स्वतः किती निष्काम राहायचं, याचा हिशेब या अध्यायापासून सुरू होतो आणि बहुधा म्हणूनच तो वाचला जात नाही.

विश्रांतीचा मुद्दा धर्माच्या भाषेत मांडायची सवय मराठी कामगाराला जुनी आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांचं निवेदन तयार केलं. मागण्या साध्या होत्या: आठवड्याला रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. रविवारच का, याला त्यांनी दिलेलं उत्तर आजही सांगितलं जातं: तो खंडोबाचा वार. १० जून १८९० रोजी सुट्टी मान्य झाली. सत्यशोधक लोखंड्यांनी खंडोबाचा आधार घेतला यात काहींना विसंगती दिसते. त्यात दिसायला हवं ते शहाणपण. गिरणीमालकाला देव समजत होता, दमणूक समजत नव्हती. खेड्यात अनेक ठिकाणी सोमवारी बैल जुंपत नाहीत. तिथेही देवाचं नाव पुढे करून कोणीतरी कधीकाळी बैलाची बाजू घेतलेली आहे.

महाभारतात विश्रांतीच्या गरजेची साक्ष द्यायला प्रत्यक्ष कृष्णच आहे. द्रोणपर्वात, युद्धाच्या चौदाव्या दिवशी, सूर्यास्ताआधी जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा आहे. याहून कडक मुदत मराठी माणसाने ऐकलेली नसेल. दिवस कलतोय, जयद्रथ अजून लांब आहे, आणि रथाचे घोडे बाणांनी जखमी होऊन दमले आहेत. ऐन रणात अर्जुन रथातून उतरतो आणि एकटा पायउतार होऊन शत्रूला थोपवून धरतो. बाणाने जमीन फोडून तो पाणी काढतो, बाणांचाच आडोसा उभा करतो. कृष्ण घोडे सोडतो, त्यांच्या अंगातले बाण एकेक करून काढतो, त्यांना चोळतो, पाणी पाजतो, लोळू देतो, आणि ताजेतवाने झाल्यावर पुन्हा जुंपतो. मुदत त्याने विसरलेली नाही. दमलेल्या घोड्यांनी ती गाठता येणार नाही हे सारथ्याला कळतं, आणि घोड्यांच्या विश्रांतीसाठी शत्रूला अंगावर घेणं हे रथीचं काम आहे हे अर्जुनाला. ज्यांना कार्यालयात गीता वापरायची आहे त्यांनी खुशाल वापरावी. पण मग हे घोडेही बरोबर घ्यावेत.

कायद्याकडे पाहिलं तर तिथे आवाज, धूळ, उष्णता यांचं माप आहे, यंत्राला जाळी किती हवी त्याचं आहे. मनावरच्या ओझ्याचं माप आंतरराष्ट्रीय मानकांत २०२१ मध्ये आलं, आयएसओ ४५००३ या नावाने. पण ते पाळायचं की नाही हे कंपनीच्या मर्जीवर. दरम्यान महाराष्ट्रात घड्याळाचा काटा उलट दिशेने सरकला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या कामाच्या दिवसाची कमाल मर्यादा ९ वरून १२ तासांवर न्यायला मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, जादा कामाला जादा मोबदला आहे, आणि कामगाराची लेखी संमती लागेल असंही म्हटलं आहे. संमतीची अट कागदावर अठराव्या अध्यायासारखीच दिसते: विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. पण कोणत्याही औद्योगिक वसाहतीतल्या ठेकेदाराच्या माणसापुढे तो कागद कधी येईल याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. भरतीच्या दिवशी, आधार कार्डाची झेरॉक्स आणि पासबुकाचं पहिलं पान जोडलेल्या गठ्ठ्यात तो शेवटून दुसरा असेल, सही कुठे करायची ते टेबलापलीकडचा कारकून बोटाने दाखवेल, आणि मागे रांगेत अजून चाळीस जण उभे असतील.